आक्काच्या चरात टँकर

आमच्या आक्कानं टँकर जिरवला, ते तुला ठावं न्हाय? मग चहा सांग आन ऐक.

आक्का, माझी थोरली भैन, इंजिनियरिंगला. कॉलेजात स्पर्धा लागली: आवारात तुंबणारं पावसाचं पाणी जिरवायचं कसं. जिंकंल त्याचंच काम कॉलेज खरं करणार. सगळ्यांनी थर्माकोलची मॉडेलं आणली. आक्कानं पार्किंगच्या कडंला खराच चर खणला. खाली दगडं, वर वाळू, माती, कर्दळी.

पुण्याचे परीक्षक सायेब म्हणाले, "छान. पण पाऊस नाही, मग कळणार कसं?"

आक्काचं तोंडच उतरलं. मी बघायला गेलतो, म्हटलं, "पाऊस आणतो की!" शेजारच्या लग्नाला आलेला टँकर आत घेतला आन कॉक पुरा सोडला.

"मुडद्या, हळू!" आक्का वरडली. लोंढा थेट सायबांकडं. सायेब पँट वर धरून उभं. पाणी कर्दळीत शिरलं आन थांबलंच न्हाय, खालीच चाललं. आख्खा टँकर भुईनं गिळला की! मी कान लावला, तर आत गुडगुड.

सायेब तशीच पँट धरून म्हणाले, "पहिला नंबर तुझा, पोरी. पण मला अजून एकदा बघायचंय. टँकर मागव!"