बिनकाट्याची विशालाक्षी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गुलाबप्रेमी मंडळाचे आधारस्तंभ माननीय हयग्रीवराव, उद्यान खात्यात उभी हयात घालवलेले प्रमुख पाहुणे श्री. कृष्णमूर्ती, सत्कारमूर्ती आणि माझे भावोजी श्री. वेंकोबाराव, वडिलांना न्यायला बेंगळूरहून आलेला माझा भाचा प्रणेश, आणि रविवारची झोप मोडून इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

मी नागरत्ना. कैलासवासी विशालाक्षीची धाकटी बहीण, म्हणजे भावोजींची मेव्हणी. हिनकलला राहते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे माईक हातात आला की लवकर सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. सूत्रसंचालन करणाऱ्या मधुमितानं मला पाच मिनिटं दिली आहेत आणि काम एकच सांगितलंय, ही कुंडी भावोजींच्या हातात द्यायची. भावोजी गोकुलमचं घर सोडून मुलाच्या दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये निघालेत. तिथं अडीचशे कुंड्या नेता येत नाहीत, एक नेता येते. ती 'विशालाक्षी' गुलाबाची असावी हे ओघानं आलंच. जरीच्या कापडात गुंडाळली आहे, छान दिसते आहे.

'विशालाक्षी' गुलाब या सभागृहात कोणाला ठाऊक नाही? दर संक्रांतीला भावोजींनी तिळगुळाबरोबर त्याच्या काड्या वाटल्या. तुमच्या खुर्चीवर जी स्मरणिका ठेवली आहे, तिच्या पहिल्या पानावर त्याची हकीकत आहे. अक्का जाऊन चौदावा दिवस. तिच्या लाडक्या, वठलेल्या झाडाला बुडातून नवी फूट आली. भावोजी म्हणाले, "विशालाक्षी परत आली." मी तिथं होते. सगळे रडले, मीही रडले. मग भावोजींनी फांदीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बघा, एक काटा नाही. तिच्या स्वभावात कुठं काटा होता?" पुढं फुलं आली. बारकी, पांढरी, घोसानं येणारी, वासाचं नाव नाही, आणि तीही वर्षातून एकदाच. त्यावर भावोजी काय म्हणाले ते स्मरणिकेत ठळक अक्षरांत आहे, "तीही मोजकंच बोलायची."

मंडळी, माझी अक्का मोजकं बोलायची?

तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तिच्या हातची कॉफी प्यायली आहे आणि तिच्या तोंडची बोलणीही खाल्ली आहेत. हयग्रीवराव, तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला आठवलं. रिक्षावाल्याशी कन्नडात, भटजींशी मराठीत आणि नवऱ्याशी दोन्हीत भांडणारी बाई होती ती. तिला काटे होते. चांगले आकडेदार काटे होते, माझ्याही अंगावर त्यांचे ओरखडे आहेत, आणि त्यातला एकही मला जड झाला नाही.

आता स्वल्प विज्ञान. मुलांना शिकवायचे तसं सांगते. आपण जो गुलाब लावतो तो बहुधा दोन झाडांचा असतो. खाली रानटी, चिवट खुंट. त्याच्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे काडीवरचा कोंब, भरलेला. वरचं झाड मेलं की खालचा खुंट फुटतो. आपल्या भागात खुंटाला बहुतेक काटे नसतात. फुलं बारकी, पांढरी, घोसानं येतात. वास नसतो.

मला वाटतं, पुढं सांगायची गरज नाही. तरी सांगते, कारण वर्गात मागच्या बाकावरही कोणीतरी असतंच. गेली सहा वर्षं 'विशालाक्षी' म्हणून तुम्ही अंगणात जे वाढवलंत, ते खुंट आहे.

बसा भावोजी. पाणी द्या त्यांना.

आणि मंडळी, तुम्ही चकित झाल्यासारखं दाखवू नका. खुंटाची फूट दिसली की दुसऱ्या मिनिटाला मुळापासून उपटणारे लोक तुम्ही. तुम्हाला कळलं नव्हतं? पण भावोजी मंडळाचे कार्यदर्शी, म्हणजे सचिव, स्पर्धेचे परीक्षक तेच नेमणार. बायको गेलेल्या माणसाला कोण बोलणार, आणि बोलून पुढच्या वर्षीचा कप कोण घालवणार? कृष्णमूर्तींनी तर पहिल्याच वर्षी ते फूल पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कॉफी मागितली. मी तरी कुठं बोलले? पहिलं वर्ष दया आली म्हणून गप्प बसले. दुसऱ्या वर्षापासून मजा वाटायला लागली म्हणून. खोटं कशाला सांगू? दर संक्रांतीला भावोजी अक्काच्या फोटोला खुंटाची फुलं वाहायचे आणि मी हात जोडून बघत उभी असायचे.

मधुमितानं चिठ्ठी पाठवली आहे, 'वेळ संपली'. ठेवते बाजूला.

अक्काचं खरं झाड फाटकाजवळ होतं. आमचे वडील सरगूरला पोस्टमास्तर होते, त्यांच्या अंगणातली काडी आणून खुंटावर भरलेली. नाव कोणालाच माहीत नव्हतं, ती 'सरगूरची' म्हणायची. फिकट गुलाबी, भरगच्च, आणि वास असा की दूधवाला फाटकाशी दोन मिनिटं जास्त थांबायचा. दोष एकच, फूल जड आणि देठ नाजूक, त्यामुळे मान खाली. अक्का फूल तोडत नसे. सकाळी कॉफीच्या आधी जायची, दोन बोटांनी लहान मुलाची हनुवटी धरावी तसं फूल वर करायची आणि वास घ्यायची. भावोजींना ते झाड खुपायचं. "मान पडते त्याची, प्रदर्शनात काय उपयोग?" अक्का म्हणायची, "प्रदर्शनात मी राहत नाही, घरात राहते."

सहा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी ती दवाखान्यात होती. परत येणार नाही हे तिला कळलं होतं. त्याच आठवड्यात घरच्या बागांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे होते. तिनं मला जवळ बोलावलं. "नागू, तुझे भावोजी ते फाटकाजवळचं झाड ठेवणार नाहीत. आजच जा आणि काड्या काढून ने." मी तीन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून हिनकलला नेल्या, खुंटांवर त्यांचे डोळे भरले. एक जगला. तिसऱ्या दिवशी अक्काची लुगडी आणायला गोकुलमला गेले, तर झाड जमिनीलगत कापलेलं. डोळा भरलेल्या जागेच्याही खाली. भावोजी हातात पाण्याची नळी घेऊन उभे होते. म्हणाले, "फाटक कसं मोकळं दिसतंय, नाही?"

दुसरा नंबर आला. कप घेऊन ते दवाखान्यात आले, अक्काच्या उशाशी ठेवला. तिनं विचारलं, "फाटकाजवळ काय आहे आता?" म्हणाले, "शेणखत घातलंय, येईल परत." त्या दिवसापासून जाईपर्यंत ती मोजकंच बोलली, तेवढं स्मरणिकेत बरोबर छापलंय.

माझ्याशी मात्र त्या संध्याकाळी बोलली. काडी जगली का, विचारलं. मग म्हणाली, "त्यांनी आपणहून मागितली तर दे. तू होऊन देऊ नकोस." मी म्हटलं, "मागतील?" म्हणाली, "वास आठवला तर मागतील."

गेल्या गुरुवारी भावोजी या समारंभाचं आमंत्रण द्यायला माझ्याकडे आले. व्हरांड्यात बसवलं, मुद्दाम त्या झाडाच्या शेजारी. सात फुलं होती, सगळी उमललेली. आदल्या दिवशीच एक रोप कुंडीत तयार करून ठेवलं होतं मी. मनात म्हटलं, आता वयही झालंय, घरही सुटतंय. नुसतं 'हे कुठलं ग?' विचारलं तरी देऊन टाकीन, मागायचीही वाट बघायची नाही. अर्धा तास बसले. सांधे, लिफ्ट, प्रणेशच्या बायकोचा स्वयंपाक, सगळं झालं. उठताना एक फूल त्यांच्या बाहीला लागलं. त्यांनी वाकून बघितलं, वास घेतला. नीट घेतला. म्हणाले, "नागू, वास बरा आहे, पण मान पडते याची. बेड, नको हे, काढून टाक. 'विशालाक्षी'ची काडी देतो, ती लाव."

प्रणेश मला "मौशी, साकु" म्हणतोय. होय बाळा, पुरे करते. तू तेव्हा परदेशात होतास, तुझ्यावर माझा राग नाही.

भावोजी काहीतरी म्हणतायत. थांबा, माईकपर्यंत आलं नाही, मी सांगते. ते म्हणतायत, "नागू, एक काडी दे."

ऐकलंत सगळ्यांनी. त्यांनी मागितली. चारचौघांत, हात पुढं करून, आपणहून मागितली. आता अक्काच्या शब्दाप्रमाणे मी द्यायला हवी. ते रोप माझ्या घरी तयार आहे, प्रणेशची गाडी हिनकलवरून वळवली तर वीस मिनिटांचं काम.

मी देणार नाही.

ही कुंडी घ्या भावोजी. दोन्ही हातांनी धरा, जड आहे. याला पाणी फारसं लागत नाही, दहाव्या मजल्यावरचं ऊन सोसेल, आणि काटे नाहीत म्हणजे नातवंडांनाही भीती नाही. तुम्हाला हवी होती तशीच आहे ही.

अध्यक्षमहोदयांनी मला मधेच थांबवलं नाही, मधुमितानं माईक बंद केला नाही, आणि तुम्ही एकही जण उठून गेला नाहीत, याबद्दल मी सर्वांची मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. तुमच्याबाबतीत काही कमी-जास्त झालंय असं मला वाटत नाही. क्षमा मागायची आहे ती एका अक्काचीच. तिचा शब्द मी आज मोडला.