न छापलेलं नाव

सन्माननीय अध्यक्ष शिवदासबाब, व्यासपीठावरील मान्यवर, पत्रकार बंधू-भगिनींनो, आणि ज्यांच्या सत्कारासाठी डिचोलीतलं हे सभागृह आज भरलं आहे त्या आमच्या प्रभावतीबाय,

वार्ताहर म्हणून बायनी काय काय लिहिलं, ते आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी आरोग्य केंद्रातला डॉक्टर. त्यांनी काय छापू दिलं नाही, ते मला सांगायचं आहे.

काजूचा हंगाम होता. डोंगरात माकडं मरून पडत होती, आणि बागेत बोंडू वेचणारे दोडामार्गचे दत्ताराम तापाने फणफणून आमच्याकडे आले. माकडतापच निघाला. (नाव त्यांच्या संमतीने घेतोय, ते समोरच बसलेत.) मोबाइलवर अफवा उठली, त्या घरचा वारा लागला तरी ताप येतो! त्यांच्या पत्नी लक्ष्मीवहिनींना बायका विहिरीवर येऊ देईनात. पोदेर पाव न देताच दारावरून पुढे जाऊ लागला.

बाय केंद्रात आल्या. "दोतोर, हो ताप मनशाकडसून मनशाक लागता?"

"नाही. गोचीड चावल्याने होतो."

मला सोबत घेऊन त्या थेट लक्ष्मीवहिनींकडे. वहिनी दारातूनच म्हणाल्या, "बाय, भायरच ऱ्हवा. लोक तुमकाय वाळीत टाकतले."

"टाकूंदेत. तू च्या कर."

अख्ख्या वाड्यादेखत त्या ओसरीवर चहा प्यायल्या. तेवढ्यात संपादकांचा फोन. रुग्णाचं नाव, फोटो हवा. नाहीतर आपला पेपर मागे पडेल.

"पडू दे मागे," बाय म्हणाल्या. "आज नाव छापलं, तर उद्या लोक ताप लपवतील. मग कोणाला वाचवणार?"

संपादकांनी ऐकलं, हे त्यांचंही मोठेपण. सकाळी पहिल्या पानावर मथळा होता : 'माकडताप माणसाकडून माणसाला लागत नाही'. खाली साध्या भाषेत, मेलेल्या माकडाला हात लावू नका, वन खात्याला कळवा, बागेत अंगभर कपडे घाला, ताप आल्यास थांबू नका. नाव नाही, फोटो नाही.

मित्रहो, एका बातमीने असं काय होतं? विहीर अडवणाऱ्यांतल्याच पूजाताई (त्यांनीही नाव घ्यायला सांगितलंय) ताप येताच केंद्रात हजर! "भंय दिसलो, दोतोर. पूण पेपर वाचून आयलें." वेळेवर आल्या, बऱ्या झाल्या. आणि त्या खाटेवर होत्या तेव्हा त्यांच्या मुलांना रोज जेवू कोणी घातलं? लक्ष्मीवहिनींनी.

बाय, सुखात राहा. आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. डॉक्टरचं अक्षर आपण नेहमी सांभाळून घेता. आज बोलण्यात काही चुकलं असेल, तर तेही पोटात घाला. देव बरें करूं.