डोळे जाळू नका

वसईच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रेजिना टीचर दोघांच्या मधे अडकल्या होत्या. एकीकडे गळ्यात महाराजांचं लॉकेट घातलेल्या मंदाताई, दुसरीकडे नायगावचे एक गृहस्थ. दोघांची अशी जुंपली होती की टीचरच्या रोझरीचा मणी पुढे सरकेना.

“राग मानू नका ताई, पण तुमच्या महाराजांचं दान म्हणजे नुसती जाहिरात. ॲम्ब्युलन्सवर फोटो, वह्यांवर फोटो!”

“असेना का! फोटो बघून पेशंट खाली उतरतो का?”

“खरं दान या हाताचं त्या हाताला कळत नाही.”

“मग तसलंही ऐका. महाराज सांगायचे, मेल्यावर डोळे जाळू नका. आमचे हे गेले, तेव्हा दिराने दार अडवलं. म्हणे, दादा पुढच्या जन्मी आंधळा होईल. मी म्हटलं, होऊ दे, मी हात धरून चालवीन. आणि दिले डोळे.”

“हं.”

“तुम्ही कशाला आलात इथे?”

“बायकोला बुबुळ बसवायचंय. आठ महिने थांबलो, आज बोलावलंय.”

“बसवलं की नीट निरखून बघा हो भाऊ, त्याच्यावर कुणाचा फोटो आहे का ते.”