उजेडासाठी की नजरेसाठी?

मंडळी, ऐका! सरकून बसा, मागच्या आज्यांनो पुढे या. खांबाआड बसलं की डुलकी काढायला बरं पडतं, ठाऊक आहे मला!

पूर्वरंगात आपण देव आणि भक्त यांच्यामधल्या मायेच्या पडद्याबद्दल बोललो. फार मोठं बोललो. आता उत्तररंगात साधा पडदा घेऊ. खिडकीचा! आख्यान पुराणातलं नाही. सांगलीतलं आहे, तिसऱ्या मजल्यावरचं आहे आणि माझ्याच घरातलं आहे. म्हणून आज जरा अडखळत सांगेन. सांभाळून घ्या.

आधी एक प्रश्न विचारते. जो अपमान आपण केलाच नाही, त्याची माफी मागायची का?

पेटीवरचे आमचे बापूकाका बघा, मान हलवतायत. नाही म्हणतायत! केलाच नाही तर माफी कसली? बरोबर आहे काका. मीही हेच म्हणत होते. अडीच महिने म्हणत होते! ऐका तर.

माझा मुलगा तेव्हा साडेआठ महिन्यांचा होता. नाव ठेवलं मिहिर. मिहिर म्हणजे सूर्य! हौसेनं ठेवलं. आणि या सूर्याला उजेडात झोप येईना! दुपारी मांडीवर घ्यावं, थोपटावं, डोळे मिटले की हळूच खाली ठेवावं. पंधरा मिनिटं झाली की खिडकीतून उन्हाची तिरीप यायची गालावर, आणि टक्क! डोळे उघडे! हसताय ना आयांनो? हसा. तुमची झोपली एकदाची, म्हणून हसताय!

मी शिकलेली. शिकलेल्या बाईची पंचाईत अशी, की तिला काळजी करायलासुद्धा माहिती लागते! मोबाइलवर वाचलं. बाळाला गाढ झोप हवी असेल तर खोलीत मिट्ट अंधार पाहिजे. झोप नाही तर वाढ नाही, वाढ नाही तर बुद्धी नाही... एवढं वाचलं आणि माझीच झोप उडाली! एक वही केली. कधी झोपला, कधी उठला, श्वास कसा चालला होता. खोलीतला गारवा, बाहेरचा हॉर्न, सगळ्यावर माझं लक्ष. पृथ्वीवर एवढं लक्ष देवाचंसुद्धा नसेल!

तर ठरलं. ब्लाइंड घ्यायचे. उजेड बंद करणारे.

गेले दुकानात. दुकानदार जमीरभाई. माणूस भला, पण आवाज? ध्वनिक्षेपकाची गरज नाही! पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, उजेडासाठी पाहिजे की नजरेसाठी?"

मला कळेना. ते म्हणाले, "दोन जाती असतात. नजरेचा पडदा पातळ असतो. उजेड आत येतो, पण बाहेरच्याला आतलं दिसत नाही. आणि उजेडाचा जाड. त्यात दोन्ही बंद. उजेड पण, नजर पण."

त्यांच्या धंद्यातला साधा शब्द, मंडळी. नजर म्हणजे बाहेरून आत दिसणं, बास.

मग निवड सुरू झाली. पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा पडदा घ्यावा तर पट्ट्यांतून उजेड झिरपतो. कापडी पडद्याला अस्तर लावावं तर वर दांडीपाशी फट राहते. शेवटी रोलर बघितला, गुंडाळत वर जाणारा. जमीरभाईंनी कापडामागून मोबाइलचा टॉर्च मारला. पांढऱ्यातून चांदणं पडल्यासारखं दिसलं. बदामीतून ठिपके. राखाडीतून काही नाही! मी नाक लावून बघितलं. काही नाही! "हाच," म्हटलं. एका कापडाची एवढी परीक्षा! लग्नाच्या वेळी नवऱ्याची नव्हती घेतली एवढी. तबलेवाले, हसू नका, घरी सांगाल!

आता समोरच्या खिडकीची ओळख करून द्यायला हवी.

आमच्या खिडकीसमोर, मध्ये दहा फूट जागा सोडून, शेजारच्या इमारतीची खिडकी. तिथं द्वारकामावशी राहायच्या. कन्याशाळेतून निवृत्त झालेल्या बाई. नवरा तरुणपणीच गेला. मूल नाही. एकट्या. रोज सकाळी आठ वाजता त्या खिडकीत यायच्या. हातात किल्ल्यांचा जुडगा. तो खुळखुळवायच्या आणि म्हणायच्या, "उठले का आमचे गुलाम? बघू! दात आला का? दाखव!" की हा माझ्या कडेवर थुईथुई! पाच मिनिटांचा कार्यक्रम. आणि जाताना मावशी काय करायच्या? दोन्ही हात आमच्या दिशेनं ओवाळायच्या आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या. अलाबला घ्यायच्या! दहा फुटांवरून! माझ्या मुलाची दृष्ट कुणी काढत असेल, तर ती ही बाई.

लक्षात ठेवा हं, मंडळी. दृष्ट काढणारी बाई.

जमीरभाई ब्लाइंड बसवायला आले. सकाळची वेळ. खिडकी सताड उघडी. ते स्टुलावर, मी खाली. माझं सगळं लक्ष कडेकडे. फ्रेमच्या आत बसवला तर बाजूनं उजेडाची रेघ येते. बाहेरून, चार बोटं जास्त रुंद बसवला तर येत नाही. मी आपली म्हणतेय, "बाहेरून! बाहेरूनच लावा!" आणि जमीरभाई स्टुलावरून, त्या आवाजात म्हणाले, "ताई, काळजीच सोडा! समोरची ती मावशी उभी आहे ना, तिची नजर आता अजिबात येणार नाही! एक टक्का नाही!"

आणि मी काय बोलले? वर न बघता, टेप धरून, डोक्यात ती उजेडाची रेघ घेऊन मी बोलले, "नकोच! अजिबात नको! बाळाला फार त्रास होतो हो!"

आता तुमच्या आला अंगावर काटा. माझ्या तेव्हा आला नाही.

मी उजेडाबद्दल बोलत होते! जमीरभाई कापडाबद्दल बोलत होते! आणि दहा फुटांवर, हातात किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईनं काय ऐकलं? तिची नजर नको. तिच्या नजरेनं बाळाला त्रास होतो.

सर्रर्र... ब्लाइंड खाली आला.

त्या दुपारी मिहिर दोन तास झोपला. दोन तास! मी वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. सकाळीही ब्लाइंड वर करेना मी. उजेड लवकर आला तर बसलेली घडी मोडेल! दहाला वर करायची. चार दिवसांनी सहज समोर नजर गेली. मावशींच्या खिडकीच्या काचांना आतून कागद लावलेले. कॅलेंडरची पानं, कोरी बाजू आमच्याकडे. नीट, कडेला कड जुळवून. शाळेत वह्यांना कव्हर घालायला शिकवणाऱ्या बाई ना त्या!

मला काय वाटलं सांगू? वाटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, उजेड सोसत नसेल. आणि खरं सांगते, इथं देवासमोर उभी आहे, मला बरं वाटलं. म्हटलं, चला, किल्ल्यांचा आवाज बंद! सकाळी अजून अर्धा तास झोपेल!

महिन्यानं कोल्हापूरहून सासूबाई आल्या. भाजी घ्यायला खाली गेल्या, आल्या त्या पिशवी खाली न ठेवताच म्हणाल्या, "काय गं, त्या द्वारकाबाईंना काय बोललीस तू?"

"मी? कुठं काय?"

"भाजीवाल्यापाशी भेटल्या. म्हटलं, नातवाला बघायला या. तर म्हणाल्या, नको हो, माझी नजर बाधते त्याला. तुमच्या सुनेनं पडदा लावून घेतलाय माझ्यासाठी."

मी आधी हसले! खरंच हसले. मग सगळा प्रसंग आठवला, स्टुलावरचे जमीरभाई आठवले. "अहो आई, मी असं म्हणालेच नाही! मी उजेडाचं म्हणत होते!"

सासूबाई म्हणाल्या, "तू काय म्हणालीस ते राहू दे. त्यांनी काय ऐकलं ते बघ. मागे त्यांनीच सांगितलं होतं मला, तरुणपणी एका बारशाला पाळण्यापाशी गेल्या, तर कुणीतरी हाताला धरून बाजूला केलं होतं त्यांना. चाळीस वर्षं बाई कुणाच्या बारशाला गेली नाही. तुझ्या पोरासाठी खिडकीत येत होती. जा आत्ता. चप्पल घाल."

चप्पल घातली का मी? नाही! मिहिर उठायची वेळ झाली होती. मग दुसऱ्या दिवशी लस होती. मग ताप. मग वरचे दोन दात. कारणं किती देखणी होती बघा, एकही खोटं नाही! पण खाली तळाशी काय होतं? मी का जाऊ? मी काही बोललेच नाही! त्यांनी गैरसमज करून घेतला, तर त्यांनी विचारावं! मी बाळाचा श्वास मोजणारी बाई. समोरच्या खिडकीत एक माणूस श्वास कोंडून बसलं होतं, ते मोजलं नाही.

जरा विचार करा हो. आपण इथं देवळात कशाला येतो? देवानं आपल्याकडे बघावं म्हणून. त्याचं बघणं झालं की आपण म्हणतो कृपादृष्टी. आणि तेच एखादी एकटी बाई लेकराकडे मायेनं बघते, तेव्हा म्हणतो दृष्ट! डोळे तेच. ओल तीच. मग हा भेद केला कुणी? मी केला नव्हता म्हणता? मी नुसता तो पुसला नाही. अडीच महिने पुसला नाही.

शेवटी मिहिरचा पहिला वाढदिवस आला. मी त्याला नवं झबलं घालून गेले. दार वाजवलं. मावशींनी उघडलं. आत भर सकाळी ट्यूबलाइट! खिडकीला कागद ना. माझ्या मुलासाठी मी माझी खोली अंधारी केली होती, आणि त्यापायी एका बाईच्या घरात सकाळ यायची थांबली होती.

"ये गं," म्हणाल्या. बघत होत्या माझ्याकडे. फक्त माझ्याकडे! कडेवरच्या पोराकडे नाही. मी तिथंच उंबऱ्यावर सगळं सांगून टाकलं. दुकान सांगितलं, दोन जातीचे पडदे सांगितले, नजर हा धंद्यातला शब्द कसा ते सांगितलं. रडत सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या आणि चक्क हसल्या!

"अगंबाई! दुकानदाराचा शब्द होय तो! आणि मी खुळी काय धरून बसले! मुलींना भाषा शिकवायचे मी, आणि माझीच ही तऱ्हा!"

काय हलकं वाटलं मला! म्हटलं, झालं! सुटला तिढा! मी मिहिरला पुढे केलं. "घ्या मावशी."

"घेते की, दे." पदराला हात पुसले, हात पुढे केले... आणि डोळे मिटले.

मिटलेल्या डोळ्यांनी त्याला मांडीवर घेतलं. मिटलेल्या डोळ्यांनी पाठीवरून हात फिरवला, पाय चाचपले, मनगटं चाचपली. "अंगानं भरलाय हो," म्हणाल्या. पोरगं त्यांचा चष्मा ओढतंय, गालावर चापट्या मारतंय, आणि त्यांचं तोंड भिंतीकडे!

"मावशी, बघा ना त्याच्याकडे. मी सांगितलं ना, तो शब्दच वेगळा होता!"

"कळलं गं बाळ. तुझं काही चुकलं नाही. पण नको." आवाज एकदम शांत. "उद्या त्याला साधी शिंक आली, तर तू काही म्हणणार नाहीस. मला ठाऊक आहे. पण मला वाटेल."

मला वाटेल.

मंडळी, त्या दिवशी घरी येऊन मी ब्लाइंड काढला. आणि मिहिर? झोपतो की उजेडात! त्याच वेळी झोपतो, तेवढाच झोपतो! आज तो अडीच वर्षांचा आहे. चालतो, पळतो, "मावशी" म्हणतो. मी रोज चार वाजता त्याला घेऊन जाते. त्या त्याला खाऊ भरवतात, गोष्ट सांगतात. भिंतीकडे बघून. त्याला वाटतं, गोष्ट अशीच सांगतात! परवा घरी त्याच्या अस्वलाला गोष्ट सांगत होता... भिंतीकडे तोंड करून. बघितलं आणि मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

सासूबाई बोलल्या त्याच दिवशी गेले असते तर? एक वाक्य होतं हो. "मावशी, मी उजेडाचं म्हणत होते." एवढं वाक्य! त्या हसल्या असत्या, आणि आठ वाजता किल्ल्या वाजल्या असत्या. तेव्हा तो नुसता गैरसमज होता. अडीच महिन्यांत त्यांनी तो स्वतःबद्दल खरा धरून टाकला. आता मी खुलासा देते, माफी मागते, रोज जाते. त्या माफ करतात, रोज करतात! बघत मात्र नाहीत.

तेव्हा बापूकाका, मघाचा प्रश्न तुमचा तुम्ही सोडवा. माझा सुटला, फार उशिरा सुटला.

आणि तुम्ही? असे मान खाली घालून का बसलात सगळे? आठवलं ना कुणीतरी? जाऊबाई असेल, शेजारी असेल, सख्खा भाऊ असेल. "मी तसं म्हणालोच नव्हतो," असं ज्याच्याबद्दल तुम्ही मनात घोकता, पण ज्याच्या दारात जाऊन म्हणत नाही, तोच! आता आरती आहे, प्रसाद आहे. थांबायचं त्यांनी थांबा. पण ज्याला जायचंय त्यानं आत्ता उठलं तरी चालेल. देव आपल्या आरतीवाचून अडत नाही, आणि त्याचे डोळे उद्याही उघडेच असणार आहेत. समोरच्या माणसाचे असतील, याची खात्री मी तुम्हाला देऊ शकत नाही.

उठा. मी टाळ जरा हळू वाजवते, म्हणजे जाणाऱ्याला अवघड वाटायला नको. रामकृष्णहरी...