तासभर तुमच्या गळ्यात

हृदयात रक्त नीट फिरतं का, हे दाखवणारी एमआरआय करायला अच्युतराव एकटेच आले होते. शेजारी गुढियारीचे नरहरी आणि त्यांची बायको सुशीला.

"मंगळसूत्र काढ वं. मशीन खेचून घेते म्हणे."

"लगनात तुमी बांधलं तवापासून काढलं नाही मी."

"मी कुठं बांधलं? गाठ तं तुझ्या मावशीनंच मारली."

"अन् तुमी पोट्टीवाणी लाजून राहिले होते."

"सिस्टर बलावून राहिली. दे, खिशात ठेवतो."

"खिशात नाही. गळ्यात घाला."

"लोक हसतीन ना!"

"हसू द्या. पन्नास वर्सं मी घातलं, तासभर तुमी घाला."

सुशीलाबाई आत गेल्या. नरहरी शर्टावर काळी पोत घालून ताठ बसले.

"घरचं कोणी आत आहे का, भाऊ?"

"नाही, माझाच नंबर आहे. बायको मागच्या पोळ्याला गेली."

नरहरींनी अच्युतरावांच्या हाताकडे पाहिलं.

"मंग तुमची अंगठी, घड्याळ कोणाजवळ देसान?"

अच्युतराव बोटातली अंगठी फिरवत राहिले.

"आना इकडं. मी हलत नाही इथून."