कान्हूच्या खटल्याची नक्कल

हॅलो?… हॅलो, कोण?… मोठ्यानं बोल, नुसती खरखर येतीय… कोण, वासू? व्हय, मीच. नागू. गुंदचा नागू, तुझा चुलतभाऊ. दुसरा कुठला नागू बसलाय सुपाच्या लाकूड डेपोत…

कारकून व्हय? रामचंद्र? हाय की इथंच. टेबलाखाली बसलाय… मीच बसवलंय… न्हाई रे, काय केलं न्हाई त्याला. फोन वाजला तसा पुढं आला, एक थोबाडीत दिली, एवढंच. आता गप हाय. चश्मा हुडकतोय.

तू ते सोड. नक्कल मिळाली का?… मिळाली?… कोर्टाचा शिक्का हाय तिच्यावर?… हातात हाय तुझ्या, आत्ता?… मग वाच. नाव वाच. कान्हूच्या विरुद्ध कोण बोललं, ते एक नाव मला पायजे. बाकी कागद तुझ्या वकिलाच्या कपाटात घाल.

थांब काय थांब? नऊ वर्षं थांबलोय. सख्खा भाऊ फासावर गेला माझा, आन तू मला थांब म्हणतोस?

…लखू? हाय की. बाहेर हाय, सागाच्या ओंडक्याला बांधलाय. सकाळी बांबूची गाडी घेऊन आला कुंभारवाड्यासनं, तसा बैलाच्या पुढनं उचलला… दाजी म्हणू नको त्याला. बाळीअक्काचा नवरा हाय हे मला सांगतोस? माझी बहीण हाय ती. फाटकाबाहेर बसलीय, ऊर बडवून घेतीय. मी बघत न्हाई तिकडं. बघितलं तर हात ढिला पडंल.

आपल्या गावच्या म्हादूनं दोर धरलाय. पारूवहिनी समोर उभी हाय. कोयता घेऊन… मग? कान्हूची बायको हाय ती. पहिला घाव तिचा. ठरलंय तसं. तू नाव वाचायचं, मी बाहेर जाऊन मान हलवायची. बास.

अरे पुरावा कसला मागतोस वकिलासारखा? चार दिवस काळ्या कोटवाल्यांत राहिलास तर आमच्याशीच… शिमग्याला तू नव्हतास. दोन पेले चढले आन हाच बोलला, स्वतःच्या तोंडानं, मांडावर, जमलेल्या सगळ्या गावापुढं. कान्हूच्या खटल्यात मी कारवारला जाऊन साक्ष दिली, म्हणाला. साक्ष कुणाच्या बाजूची असती? सरकारच्या. आपल्यातला माणूस आपल्या माणसाच्या बाजूनं बोलाया गेला तर त्याला साक्ष कोण म्हणतंय? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय.

आन ऐक ना… ऐक तर. मी त्याला म्हटलं, मी कागदच काढतो कोर्टातनं. तर पाया पडला माझ्या. नागू, कागद नको काढू, म्हणाला. हाय ते राहू दे. आता मला सांग, ज्यानं काय केलं न्हाई तो कागदाला कशाला भिईल?

…बोलला न्हाई. काय बी बोलत न्हाई. दोन दात पाडले, डावा हात मोडलाय बहुतेक, कोपराखाली नुसता लोंबतोय. मी न्हाई बोललो, मी न्हाई बोललो, एवढंच. मग कोण बोललं, विचारलं तर तोंड मिटतोय. रक्त गिळतोय पण नाव काढत न्हाई.

ए म्हादू… त्याला पाणी नको देऊ. मी सांगितल्याबिगर काय बी नको.

हां, बोल वासू… महिना का लागला ते मी विचारलंय का?… बरं, सांग. लवकर सांग.

…खटल्याचा नंबर? आम्हाला काय ठावं नंबर… साल तर सांगितलं होतं की तुला. बांबूला बी आलं ते साल… व्हय, सगळा बांबू वाळला आन उंदीर झाले, तेच… मग?… मेसाचा, बारीक बांबू? मी मोठ्या बांबूचं सांगत होतो, तू मेसाचं साल धरलंस?… दोन वर्षांनी चुकलं. म्हंजे पंधरा दिस तू भलत्याच सालाची गाठोडी सोडत बसलास. शिकलास कशाला रे?

मग कसं सापडलं?… फॉरेस्ट गार्डाच्या नावानं. मेलेल्याच्या नावानं… हं. आरोपीला कोण पुसत न्हाई, मेलेला सरकारचा होता म्हणून वहीत ठळक… मग अर्ज… तिकीट लावलं… आन दिली? सरळ दिली?

कुणीबी मागितली तर देतात?… कान्हूचा भाऊ असायला पायजे असंबी न्हाई?… निकाल लागलेला खटला, कागद उघडा हाय, अर्ज कर आन घे. आन नऊ वर्षं आम्ही इथं बोटं मोडतोय, हा बोलला का तो बोलला. देवाला कौल लावला, तिघांच्या घरचं पाणी बंद केलं. कुणी सांगितलं न्हाई रे आम्हाला. अर्ज कर म्हणून कुणी सांगितलं न्हाई.

…वाच आता. पहिल्यापासनं? बरं, पहिल्यापासनं. पण थांबायचं न्हाई.

हं… व्हय. गार्डानं पारूवहिनीच्या डोक्यावरची मोळी लाथेनं पाडली… ते लिहिलंय?… चाबकानं मारलं ते?… ते न्हाई लिहिलं. हं. पुढं… गार्डाचं मढं ओढ्यात… मानेवर दोन घाव, एक हाडापर्यंत… बरं केलं कान्हूनं. तिसरा घालायला पायजे होता. वाच.

साक्षीदार नंबर एक, डाक्टर. नंबर दोन, दुसरा गार्ड… त्यानं मारताना बघितलं न्हाई?… म्हंजे कुणीच बघितलं न्हाई. मग फाशी कशावर दिली?… ते पुढं येतंय? मग ये की पुढं. नंबर तीन कोण?

…वासू?

…अरे लाईन गेली का… हॅलो… मग बोलत का न्हाईस? नंबर तीनला लखूच हाय ना?… न्हाई?

लखू कुठं हाय मग? कागदात न्हाईच?… हाय? कुठं?… शेवटी. बचावाचा साक्षीदार. बचावाचा म्हंजे?… कान्हूच्या बाजूनं?… असं असतं? आरोपीच्या बाजूनंबी साक्ष असती?

काय बोललाय वाच… कोयता माझा हाय. ओढ्यात सापडलेला कोयता माझा, कान्हूचा न्हाई… असं लखू बोलला? भर कोर्टात?… आरं पण मग त्यालाच लटकवला असता की… व्हय… जज्जानं मानलं न्हाई. का न्हाई मानलं?… नंबर तीनमुळं.

नंबर तीन कोण, वासू? आता मी विचारतोय, सरळ सांग.

…

कोण?

परत वाच.

…बापाचं नाव वाच… गाव वाच… वय वाच…

मी कुठं गेलो होतो कोर्टात? मी कारवार बघितलंबी न्हाई आजतागायत. खोटं हाय. कुणीतरी माझं नाव… कॅम्प? सुपाला?… मॅजिस्ट्रेट साहेब तंबूत बसला होता तवाचं?… ती जबानी होती?

वासू, आरं ती जबानी नव्हती. साहेबानं कोयता दाखवला. हा कुणाचा म्हणाला. मी म्हटलं आमचा. दसरा होऊन चार दिस झाले होते रे, खंडेनवमीला मीच धुतला होता, मीच हळद लावली होती, मुठीला पिवळं होतं तसंच. घरच्या लोखंडाला न्हाई कसं म्हणू? आपल्यात म्हणतंय का कुणी? पुजलेल्या हत्याराला परकं म्हटलं तर देव घरात राहतोय का? मी म्हटलं आमचाच हाय, आता द्या परत, भात कापायचं हाय. तो म्हणाला अंगठा लाव. मला वाटलं, कोयता परत द्यायचा अंगठा.

…पण मी कोर्टात गेलो न्हाई… हिवतापानं पडलो होतो, व्हय, पडलो होतो. म्हणून तंबूतलीच वाचून दाखवली. सगळ्यांपुढं… लखूनं ऐकली. तो होता तिथं.

त्याला ठावं होतं. नऊ वर्षं. कागद नको काढू म्हणाला तो… माझ्यासाठी म्हणाला. आन मी त्याचे दात पाडले. मोडक्या हातानं पडलाय तिथं आन अजून माझं नाव काढलं न्हाई.

वासू… कान्हूबी होता का? वाचली तवा?… पिंजऱ्यात उभा. काय बोलला तो? लिहिलंय?… वाच की… रडू नको, वाच.

…“कोयता आमचाच. माझा धाकटा भाऊ खोटं बोलत नाही.”

एवढंच?… एवढंच बोलला.

…

न्हाई, हाय मी. ऐकतोय… दारात वहिनी आलीय. विचारतीय, नाव आलं का. मी काय सांगू, वासू?… तूच सांग. तुला ठावं हाय, मला ठावं हाय, लखू नाव काढत न्हाई, आन हा टेबलाखालचा कारकून भ्यानं तोंड उघडणार न्हाई. मी नुसती मान हलवली तरी ती लखूला तोडती. कागदातलं नाव त्याच्यासंगं मातीत जाईल. माझी पोरं लहान हायत रे… व्हय, अक्काचीबी हायत. मला सांगू नको, ठावं हाय मला.

…भ्या वाटतंय. तुला सांगतो, लई भ्या वाटतंय.

म्हादू! दोर सोड. सोड म्हणतो ना… दाजीला सोड. पाणी पाज आधी, हाताला फळी बांध, आन अक्काला आत घे. गाडीत घालून डाक्टरकडं न्या… मला काय विचारतोस, चल बाजूला हो.

वासू, तू फोन ठेवू नको. मघाशी वाचलंस तसंच परत वाच, नंबर तीनपासनं. मी माझ्या तोंडानं सांगाया गेलो तर फिरवून सांगीन. लहान होतो म्हणीन, ताप होता म्हणीन. कागद फिरवत न्हाई… न्हाई, माझं ऐक. नवरा तिचा गेलाय.

वहिनी, आत या… असू दे, कोयता असू दे हातात. हे कानाला लावा. वासू हाय, कारवारहून बोलतोय. तो वाचंल ते ऐका. मी हितंच बसतो, खाली. कुठं जात न्हाई.

…हॅलो. वासूभावजी? मी पारू… व्हय, ऐकू येतंय… वाचा.

…हं… हं… कोण?

…नागूभावजी?

…वाचा पुढं… हळदीचा. व्हय, तोच कोयता… हं… आन ह्यांनी काय सांगितलं म्हणालात?… खोटं बोलत न्हाई… असं म्हणाले… बरं.

…न्हाई, रडत न्हाई मी… बसलाय की इथंच, माझ्या पायाशी. मान खाली घालून बसलाय… ओरडू नका भावजी, कान दुखतोय… ऐकलं मी. चुकून बोलला, ऐकलं. ह्यांनी माफ केलं, तेबी ऐकलं. त्यांचा भाऊ होता तो. त्यांनी करावं माफ.

माझा नवरा होता.

…तुम्ही ठेवा आता फोन, भावजी. मला दोन्ही हात पायजेत.