फाईल कुणी उघडायची

(सांगली, १९९८. छपाईचं दुकान. कॉम्प्युटरवर अनीश, शेजारी लग्नपत्रिकेचं प्रूफ. समोर मनुबाई आणि तिची मुलगी शिवांजली.)

मनुबाई : आरं, लगीन माझ्या पोरीचं, आन् ह्या पत्रिकेत माझंच नाव कुटं हाय?

अनीश : मावशी, तुम्ही सांगितलेला मजकूर मी गेल्या आठवड्यात टाइप केला होता हो. पण काल फाईल उघडली तर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं. खराब झाली समजून तुमच्या घरी फोन केला.

मनुबाई : उचलला कुणी?

अनीश : शिवांजलीताईंच्या चुलत्यांनी, लालासाहेबांनी. त्यांनी नावं सांगितली, मी नव्यानं टाइप केलं.

मनुबाई : आन् माझं?

अनीश : ते म्हणाले... शुभकार्य आहे, वहिनींचं नाव नको.

मनुबाई : व्हय! रांडमुंडीचं नाव नगं! चौदा वर्सं ऊस ह्याच बाईनं लावला, पोरीला कालेजात ह्याच बाईनं घातली. तवा भावजी शिरवळच्या कंपनीत खुर्ची गरम करत हुतं. सोयरीक जमली तवा आलं, आन् झालं निमंत्रक!

शिवांजली : आई, हळू बोल की. बाहेर गिऱ्हाइकं आहेत.

मनुबाई : ऐकू देत. आन् काय रं, फाईल खराब झाली म्हंजे? नासायला ती दूध हाय व्हय?

अनीश : नाहीच झाली खराब. आज सकाळी दुसऱ्या एकाच्या फाईलचं तेच झालं, तेव्हा ध्यानात आलं. सोमवारी मी नवा प्रोग्रॅम बसवलाय. फाईलच्या नावाला शेवटी तीन अक्षरं असतात. तेवढी बघून कॉम्प्युटर ठरवतो, कुणाकडून उघडायची. जुन्या मराठी प्रोग्रॅमचीही तीच अक्षरं. ती ह्या नव्या प्रोग्रॅमनं आपल्या नावावर करून घेतली, आणि त्याला आपली मराठी वाचताच येत नाही.

मनुबाई : म्हंजे आत काय लिवलंय ते बगायचंच न्हाई. आडनाव बगून पंगतीला बसवायचं.

अनीश : तसंच समजा.

मनुबाई : आन् हा उपटसुंभ तुला न इच्यारता धनी झाला?

अनीश : विचारतो हो, बसवताना. पण इंग्रजीत लांबलचक असतं. मी आपलं ओके, ओके दाबत गेलो.

मनुबाई : वा रं शिकल्याला माणूस! मंग आता उगड की जुन्याकडनं.

अनीश : उघडतो. हे बटण दाबलं की यादी येते, कशानं उघडू म्हणून. हा आपला जुना... आली बघा! सगळं जसंच्या तसं आहे.

मनुबाई : शिवा, वाच.

शिवांजली : आई, कशाला आता...

मनुबाई : वाच की गं. का दिसंना झालं?

शिवांजली : आई, राहू दे ना काकांचीच. फोन आला तेव्हा मी तिथंच होते. काका म्हणाले, तुझी काही हरकत? मी म्हटलं, नाही.

मनुबाई : तूबी ओके दाबलंस.

शिवांजली : लग्नात भांडण नको म्हणून गं.

मनुबाई : भांडान मी काडलंय व्हय? तुजा बाप गेला तवा तू सात वर्सांची. शाळंच्या कागदावर कुणाची सही हाय? अंगठा न्हवं, सही! तीन म्हयनं गिरवली, तुज्याच पाटीवर. तवा कुणी म्हनलं न्हाई, हिचं नाव नगं.

अनीश : मावशी, दुपारी छापायला घ्यायचंय. दोन्ही उघड्या आहेत. कुठली घेऊ?

मनुबाई : मला नगं इच्यारू. लगीन तिचं हाय.

शिवांजली : ...ही. आईची. ‘आपली विनीत, श्रीमती मनुबाई’, आणि त्याखाली काका. एक अक्षर हलवू नका.

अनीश : काका विचारायला आले तर?

शिवांजली : नवरीनं सांगितलं म्हणा.

अनीश : बरं. मावशी, तुमचं नाव जरा मोठं करू?

मनुबाई : नगं. बाकीच्यांएवढंच असू दे.